मानाचं कापड

(जानेवारी २०२५, शुक्रवार दुपार. स्थळ : मस्कत, वादी कबीरमधील एका निवासी इमारतीचा तळमजला. वादळग्रस्त मायोत बेटासाठी मराठी मंडळाने जमवलेल्या मदतीची खोकी भरली जात आहेत. मंडळाचे चिटणीस अंबरीश व त्यांची पत्नी उत्तरा एका बाजूस; दाराशी, शेवटच्या खोक्यापाशी, त्यांची ओमानी शेजारीण सफूरा.)

उत्तरा : सफूराला हे मानाचं कापड आहे असं सांगायची काय गरज होती तुला?

अंबरीश : मी असत्य बोललो नाही. सवाष्णीची ओटी भरताना खण देतात. हा मानच आहे.

उत्तरा : मान! अरे, हे फिरते खण आहेत. हळदीकुंकवाला मिळाले, कपाटात पडले, पुढच्या संक्रांतीला दुसरीच्या ओटीत. हा जांभळा बघ. मला कलावतीमावशींनी दिला, मी नूतनला ढकलला, आणि आता तिने इथे. आजवर कुणी त्याचा ब्लाउज शिवलेला नाही.

अंबरीश : आवाहनात 'नवे, न वापरलेले कापड' असे शब्द होते. शब्दशः हे त्यात बसतं.

उत्तरा : छप्पर उडालेल्या बाईने हे अंगावर कसं घ्यायचं, तेही शब्दशः सांग.

अंबरीश : प्रश्न तत्त्वाचा आहे. मायोतवर राज्य फ्रान्सचं. तंबू, पाणी, औषधं पुरवणं हे राज्यकर्त्याचं कर्तव्य, आणि तो समर्थ आहे. आपली मदत ही केवळ सद्भावनेची खूण.

उत्तरा : सभेतही तू हेच बोललास. लोकांनी घरी जाऊन कपाटं रिकामी केली. मीसुद्धा. सफूराने मात्र ताडपत्र्या मागितल्या होत्या. तिची खाला, म्हणजे मावशी, तिथे मायोतला शाळेच्या वर्गात राहतेय.

अंबरीश : ठाऊक आहे.

उत्तरा : मदत नेणाऱ्या बोटीवर जागा मोजकी. त्यातली आपण खणांनी अडवली. ती बघ, खण घडी करून सगळ्यात वर ठेवतेय. मघाशी एक डोळ्यांना लावला तिने.

अंबरीश : तेही पाहिलं. म्हणून तर इथे उभा आहे. तिच्याकडे जायला पाय उचलत नाही.

सफूरा : अंबरीशदादा, यल्ला, चला! चिकटपट्टी द्या. पुण्यात कॉलेजला चार वर्षं राहिले मी, पण हे खणाचं मला कुणी शिकवलं नाही. मी खालाला फोनवर सांगितलं, इंडियाच्या बायकांनी तुला मानाचं कापड पाठवलं. खाला रडली.

अंबरीश : सफूराताई, खोकं बंद करू नका. मी आपल्याला अर्धंच सांगितलं.

सफूरा : अर्धं म्हणजे?

अंबरीश : मान देण्यात आहे, पण घेणारीला हे नको असतं. ती पुढे देऊन टाकते. या घरातून त्या घरात, वर्षानुवर्षं. आमच्याही घरचे खण यात आहेत.

सफूरा : तुमच्यात कुणालाच नको?

अंबरीश : नाही.

सफूरा : मग खालाला का?

अंबरीश : वाटलं, तिथे फ्रान्स आहे. आपण काय दिलं, ते कोण बघणार?

उत्तरा : सफूरा, मी आत्ता वादी अदाईच्या बाजारात जाऊन ताडपत्र्या आणते. उघडी असतील ती सगळी दुकानं बघते.

सफूरा : आण. त्या मी पाठवीन. हे खोकं रिकामं करा. आणि दादा, फ्रान्सचं राहू द्या. तुम्ही मदत नाही केली. तुम्ही घर साफ केलं.