चालताना बोलता आलं पाहिजे

गेल्या वर्षी गौरीपूजनाच्या संध्याकाळी विक्रोळीच्या आमच्या चाळीत मी कुंदाबरोबर फुगडी घातली. त्याच्या आदल्या वर्षी, शिमगा झाल्यावर, माझ्या हृदयात स्टेंट बसला होता. हे दोन्ही आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी मूळची कणकवलीकडची. लग्न होऊन इथे आले, मालक कारखान्यात होते, मी कँटीनमध्ये चपात्या लाटल्या, पोरं वाढवली, आणि दर गौरीला फुगडी घातली ती कुंदाबरोबरच. कुंदा म्हणजे दोन घरं सोडून राहते ती, आमच्याच बाजूची. फुगडीत हात सुटला तर दोघी आपटतात, म्हणून आमच्यात जोडी मोडत नाहीत, काय सांगू तुम्हाला, नवरा एकवेळ बदलेल पण फुगडीची जोडीदारीण नाही.

डॉक्टर म्हणाले रोज चाला, नाहीतर पुन्हा इथेच याल. ती भीती आठवडाभर पुरली. मग माझा नितीन म्हणायला लागला, आई आळस करते, फोनात पावलं मोजायचं लावून दिलंन. आळस नव्हता हो. जिना चढले की छाती धडधडायची, आणि झटका आला त्या दिवशीही सुरुवात तशीच झाली होती, म्हणून धडधडलं की वाटायचं, आलाच, की बसले खाली. सून कळशी उचलू देईना. सगळे जपत होते आणि जपता जपता मी खाटेवरची झाले. त्या वर्षी गौरीला मी खुर्चीत. बायका कुंदाला ओढत होत्या, चल गो, ये गो, तर ती म्हणाली पाय दुखतात. पाय कसले दुखतात तिचे!

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदा दारात उभी. म्हणाली, पुढच्या गौरीक माझ्यावांगडा फुगडी कोण घालतला, तुझो फोटो? मला हसू आलं आणि रडूही. मी म्हटलं, अगो, धाप लागते. तेव्हा मला हॉस्पिटलातली व्यायाम शिकवणारी मुलगी आठवली. ती म्हणाली होती, छातीत दुखलं तर थांबा, पण नुसती धडधड म्हणजे हृदय काम करतंय. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं तर हळू व्हा. हे कुंदाला सांगितलं तर म्हणाली, बोलण्यात तू कधी हरलंस?

निघालो. गल्लीच्या तोंडाशी धडधडायला लागलं, मी बसायला जागा बघते, तोच कुंदाने जुनं फणसपोळीचं भांडण काढलं, माझ्या पोळीला वास येत होता म्हणे. मला असा राग आला, मी सुरू झाले ते तिच्या सासूपर्यंत पोचले, आणि बघते तर समोर हायवे. भांडण कुठे तुटलं नव्हतं, म्हणजे श्वासही तुटला नव्हता. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही भांडत चालतो.

पुढच्या गौरीआधी डॉक्टरांनी त्या फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासलं. मी विचारलं, फुगडी घालू? ते म्हणाले, म्हणजे नेमकं काय? मी नितीनचे हात धरून तिथेच एक गिरकी घेतली, नितीनचा चष्मा पडला. डॉक्टर म्हणाले घाला, पण दम लागला की थांबायचं.

गौरीला हात धरताना कुंदा म्हणाली, सोडू नको हां. सोडले नाहीत.

आज सकाळी आम्ही पार्कसाइटच्या डोंगरावरच्या देवळापर्यंत गेलो. कुंदा अर्ध्या वाटेत दम खायला बसली. मी उभी होते.