आईची टीप

नाही रे बाळा, पेन नको, कात्री. का-त्री. देता येत नाही? — बरं. माझी होती, पण बोटीवर चढतानाच तुमच्या लोकांनी पिशवीतून काढून घेतली, हत्यार म्हणून. जन्मभर कपडे बेतले मी त्या कात्रीनं, कुणाच्या केसाला धक्का लागला नाही, पण असो — उतरताना परत देणार म्हणालात, मी विसरणार नाहीये. दातानं तोडते मग. तू तिकडे बघ हवं तर. अरे, लाजतोस काय, जाकिटाचं अस्तर उसवतेय फक्त! आणि त्या मागच्यांना सांग, दम धरा जरा, मीसुद्धा उभीच होते रांगेत — तीही मुद्दाम तुझ्याच काउंटरच्या. काल तू कुणाशी तरी मराठीत बोलताना ऐकलं, म्हटलं, चला, याला आपलं म्हणणं सांगता येईल.

तर काय सांगत होते? — हां, टीप. ती परत लाव. खोली आवरणाऱ्यांची, वाढणाऱ्यांची, जी तुम्ही रोज आपोआप बिलात धरता, ती माझ्या नावाची टीप काल माझ्या मुलानं इथं येऊन काढून टाकली. बरोबर? तूच काढलीस? असू दे, तुझा काय दोष, गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं. पण मला कळलं कसं, ते ऐक. आज नाश्त्याला बसलो होतो, मी आपली पावाला लोणी लावतेय, आणि हा बायकोला सांगतोय, "आईची टीप काढून टाकली मी." माझा हात थेट इथं गेला, जाकिटाला. आमच्या धंद्यात टीप म्हणजे शिलाई रे, जन्मभर टिपाच मारल्या मी. आणि या अस्तरात चोरखिसा आहे, तोंडाला टीप मारून बंद केलेला — आत माझे पैसे. म्हटलं, यानं हुडकलं! जाकीट उसवलं आणि वर माझ्यासमोर बसून चहा पितोय! ताटली तशीच टाकली, बाथरूम गाठली, दार लावलं, चाचपलं — टीप शाबूत. हसायला आलं मला, आरशासमोर एकटीच वेड्यासारखी हसत उभी. मग डोक्यात प्रकाश पडला, कुठली टीप ते. मग नाही हसले.

बाहेर येऊन विचारलं, का काढलीस रे? तर म्हणतो, "आई, तुझ्या खोलीत असं काय मोठं काम असतं? एकटीच तर असतेस." हो, असते की एकटी. त्यांच्या खोलीला गॅलरी आहे, माझ्या खोलीला समुद्राचं चित्र आहे — तक्रार नाही करत, झोपायला चित्र पुरतं. पण ती खोली आवरणारी बाई — तुला माहीत असेल, ठेंगणीठुसकी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली — तिची न् माझी एक भाषा नाही, सगळे हातवारे. पहिल्या रात्री चादर गादीखाली अशी ताणून खोचलेली, की पाय बाहेर काढताना जीव मेटाकुटीला आला माझा. कुणाला बोलले नाही. सकाळी तिनं बिछान्याकडे एकदा बघितलं, आणि तेव्हापासून एक बाजू सोडून ठेवते. कुठलीही नाही हं — मी ज्या अंगावर उठते, तीच. आमच्या घरात विचार कुणाला, आई कुठल्या अंगावर उठते म्हणून. विचारच तू! इतकी वर्षं एका छपराखाली — जाऊ दे. आणि हिच्या कामाचे पैसे माझ्या नावावरून कापायचे? मी काय फुकटी आहे?

काय म्हणतोस — हातात द्या? देईन की. उतरताना हातात देईनच, ते माझ्या मनाचं. हे तिच्या हक्काचं, हे बिलात दिसलं पाहिजे, माझ्या नावापुढे. शिवण घेत होते तेव्हा गिऱ्हाइकं वरचे सुटे सोडून जायची, ते मी घ्यायची, आनंदानं घ्यायची — पण आधी शिलाई पुरती ठेवा म्हणायची, मग वरचं. — काय? खातं मुलाच्या नावावर आहे, तोच बदलू शकतो? वा! म्हणजे मी कोण, त्याची बॅग? फिरव बरं तो कॉम्प्युटरचा पडदा इकडे, बघू दे काय लिहिलंय. त्याचं नाव — "आणि कुटुंब". अस्सं. त्या "आणि"मधून मला बाहेर काढ. का नाही जमणार? माझ्या पुढच्या बाईनं आत्ता तुझ्यासमोर रोख भरून स्वतःचं खातं उघडलं, माझे कान शाबूत आहेत अजून. तसंच माझं उघड.

निघताना मला बजावलं होतं त्यानं, "आई, तिथं रोख चालत नाही, पर्स इकडे दे आणि हे कार्ड गळ्यात घाल." घातलं. परवा वर डेकवर एक कॉफी घेतली, तर हा हजर — "आई, कॉफी घेतलीस?" मी इकडे घोट घेतला की तिकडे त्याच्या खिशात टिंग वाजतं! बरं, त्याचे पैसे आहेत म्हणून विचारतोय म्हणावं, तर पैसे कुणाचे? माझ्या स्वयंपाकघराचे. त्या खिडकीचे, जिच्याखाली माझं मशीन होतं. — घर विकलं ना आमचं. माझं. तुला कशाला सांगतेय मी हे... सही माझी, पैसे त्याच्या खात्यात, आणि वर ही सहल, "आई, तुला जग दाखवतो." उतरल्यावर मी कुठं राहायचं ते ठरतंय अजून त्यांचं. म्हाताऱ्या माणसांसाठी असते तशी जागा बघतायत, बाग आहे म्हणे. बाग! — नाही, रडत नाहीये, तुमच्या या एसीनं डोळे चुरचुरतात. रडायचं असतं तर खोलीत बसले असते, चित्रासमोर. मी टीप लावायला आलेय.

हं, सुटली बघ. दुहेरी मारली होती, म्हणून वेळ लागला — माझ्या हातची टीप अशी सहजासहजी सुटत नाही. हे घे. चुरगळलेत, पण खरे आहेत, धर उजेडात. मशीन विकलं मी, शेजारणीला, कुणाला न सांगता. आणि या परदेशी नोटाही मीच बदलून आणल्या, दुकानदाराला भाव पुन्हा पुन्हा विचारून — वैतागला तो, वैतागू दे. सगळे नको भरूस. टिपेपुरते भर, कॉफीपुरते भर, उरलेले इकडे. तिला द्यायचेत. आणि उतरल्यावर मला लागतील. कुठं राहायचं ते मीही ठरवू शकते ना? — मान कशाला हलवतोस, तुला नाही विचारलं.

दाबलंस? मला त्याच्यातून काढलंस? मग टिंग गेलं असणार त्याला. बघ, म्हटलं नाही — तो बघ, जिन्यावरून धावत येतोय, हातात फोन. माझाच तो. तू नको घाबरूस, तुझी नोकरी जात नाही.

ए, थांब. मध्ये बोलायचं नाही. मागे जा, रांग आहे.

तू कर रे तुझं काम. काय राहिलं — नाव? हा पासपोर्ट धर. आजी लिहू नकोस, अमक्याची आई लिहू नकोस, इथं छापलंय ते लिही. वाच बघू. मोठ्यानं वाच. — आणखी मोठ्यानं. त्याला ऐकू जाऊ दे.