पाहुणं गेलेलं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले नगराध्यक्ष माननीय लालासाहेब, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते मलेरिया खात्याचे निरीक्षक महेंद्र सोनवणे साहेब, आणि समोर बसलेल्या आयाबहिणींनो, भावांनो,

कुणाचं नाव राहिलं असेल तर रागावू नका. मी चौथी शिकलेला माणूस, माइकवर बोलायची सवय नाही. तो तांब्या झाकून ठेवा हो कुणीतरी. उघडं पाणी दिसलं की हल्ली जिवाला चैन पडत नाही.

साहेबांचे गुण मी काय सांगावेत? उन्हातान्हात दारोदार हिंडून ते पिंपात बॅटरी मारून बघायचे. डेंग्यूचा डास गटारात नाही, घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, असं सांगायचे. आमचा कृष्णात त्यांना तोंडावर म्हणाला, "सायेब, गटारं सोडून आमच्या बायकांच्या घागरी काय तपासताय?" साहेब म्हणाले, "कृष्णातराव, आधी घागरीत बघा की, काय पोहतंय ते!"

मग त्यांनी कोरडा दिवस ठरवून दिला. आमच्या वरच्या गल्लीचा मंगळवार, खालच्या गल्लीचा शुक्रवार. त्या दिवशी सगळी भांडी ओतायची, घासायची, पालथी घालायची. पण नळाला पाणी एक दिवसाआड. भरलेलं पिंप ओतायला कुणाचा हात धजावतो? आमची मनुबाई म्हणाली, "आवं, वतायचं कशापायी? खाली विजयमालाकडं नेऊन ठिवू. सायेब गेलं की आणू माघारी."

मी म्हटलं, "कळलं तर गं?"

"कळतंय कशानं? पाण्यावर नाव लिवलंय व्हय?"

झालं. मंगळवारी आमचं पाणी खालच्या गल्लीला पाहुणं जाऊ लागलं, शुक्रवारी त्यांचं आमच्याकडं. घागरी मीही वाहिल्या. हसताय? तेव्हा मीही हसत होतो. पाण्याबरोबर अळ्याही जात होत्या आणि माघारी येत होत्या. पिंपं मात्र दारात पालथी! साहेब खूश. आमच्या गल्लीला स्वच्छतेची ढाल मिळाली. ती याच व्यासपीठावर मी हार घालून घेतली.

पुढं काय झालं? माझी नात राजेश्वरी तापानं फणफणली. सांगलीला न्यावं लागलं. ती बघा, पहिल्या रांगेत स्वेटर घालून बसली आहे. अजून जिना चढताना मध्येच पायरीवर बसते. तिच्यामागून दोन्ही गल्ल्यांत घरोघरी ताप निघाला, आणि वरून विचारणा आली. ढाल मिळालेल्या गल्लीत डेंग्यू कसा? तर म्हणे, निरीक्षकानं न बघताच शेरा मारला. म्हणून ही उंब्रजची बदली.

मनुबाई, खुणा करू नकोस. मी बसणार नाही.

अध्यक्षसाहेब, बदली आता टळत नाही, एवढं मला कळतं. पण तो ठपका साहेबांबरोबर उंब्रजला जाऊ नये. त्यांनी दर मंगळवारी पिंपात हात घालून बघितलं. पिंप खरंच कोरडं होतं. लबाडी आमची होती. हे तुम्ही वर कळवा. पण एकट्या म्हाताऱ्याचं कोण खरं मानणार? म्हणून मंडळी, हात जोडून सांगतो. ज्यांच्या घरचं पाणी या गल्लीतून त्या गल्लीत गेलं, त्यांनी जागेवर उभं राहावं. मी तर उभाच आहे.

कुणीच नाही?

राजेश्वरी, तू बस गं बाळा. तुला नाही म्हटलं मी. बस, पाय दुखतील.

...बरं केलंस, विजयमाला. ऊठ, मनुबाई, खांबाला धर. कृष्णात, खाली काय बघतोस? हां. आणि मागं कोण? सगळेच की.

अध्यक्षसाहेब, बघून घ्या. साहेब, तुम्हीही बघा. ही ढाल मी टेबलावर ठेवतो, घरी ठेवायला मला तोंड नाही.

आपण एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तेवढं पोटात घाला. पाण्याचं घालू नका.