मागचं डावं दार

हॅलो?… हॅलो, कोण?… मोठ्याने बोला, इथे ग्राइंडर चालू आहे… अहो पेंटर, बंद करा ते जरा, फोन आलाय!… हां. कोण?

ठिणगी? अगं, हा कोणाचा नंबर?… शेजारणीचा. आणि तुझा फोन?… फुटला. कसा?… पडला. बरं, पडला तर पडला.

मी काय करणार! कोणीतरी ट्रकच्या बुडात घातलेली गाडी आलीये, तिचं थोबाड सरळ करतेय. सकाळपासून घण मारून मारून खांदा निखळायची वेळ आली. पण खरं सांगू, मजा येते. बाबा उगाच नाही मला घण म्हणायचे. तू ठिणगी, मी घण. लोक म्हणायचे, गॅरेजवाल्याला मुली झाल्या की हत्यारं झाली.

काय हवंय?… वेल्डिंग मशीन? तुला?… घरी वापरायला? अगं बाई! लग्न झाल्यापासून साधा पाना हातात धरला नाहीस आणि आता एकदम मशीन!… बरं बरं, नाही हसत. स्वस्तातलं. हो, हो… ऐकलं, स्वस्तातलं.

अगं ऐक ना, आधी सांग, जोडायचंय काय?… बाबांची गाडी. मागचं डावं दार. त्याला काय झालं?… लागतच नाही. लॉक जिच्यात अडकतं ती कडी? दाराच्या चौकटीवरची? मुळासकट निघाली?… दोरीने बांधलंयस. वा!

मग रॉडचं मशीन घेऊ नकोस… माहितीये गं स्वस्त असतं, दुकानदार तेच गळ्यात मारेल. फाटकं जोडायला ठीक आहे ते. गाडीचा पत्रा म्हणजे कागद. रॉड टेकवलास की भोक. ते बुजवायला गेलीस की आणखी मोठं भोक. तारेचं घे… तेच, बंदुकीसारखं असतं, चाप दाबला की तार बाहेर येते… नाही, गॅसचा सिलिंडर नको, तो कुठे नाचवत बसतेस? पोटात मसाला भरलेली तार मिळते, तिला गॅस लागत नाही. धूर जास्त होतो, जोड ओबडधोबड येतो, पण कडीकडे कोण बघतंय? सगळं रंगाखाली जातं.

हो, घरच्या विजेवर चालतं. फक्त पंख्याच्या प्लगला लावू नकोस, गिझरचा मोठा प्लग असतो ना, त्याला लाव. बारीक वायर जोडून लांबवर नेऊ नकोस, वायरच पेटेल. आणि खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलायचं नाही. विचारायचं, या आकड्यावर सलग किती वेळ चालतं? स्वस्तातली मशीनं दोन मिनिटं चालतात आणि दम खात बसतात. तुला कडीपुरतं तर हवंय, सगळ्यात लहान पुरे. जुनं असलं तरी चालेल, पण दुकानात समोर लावून बघ. तार अडखळली की ठेव म्हणावं तुझ्याकडेच.

आजच? एवढी काय आग लागलीये? इकडे ये ना, मी फुकटात करून देते… हां, दारच लागत नाही तर येणार कशी. मग तिथल्या गॅरेजवाल्याकडे टाक… का नाही घेत?… कोणी सांगून ठेवलंय?… तुझ्या नवऱ्याने? त्याला विचारल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही? गाडी बाबांनी तुला दिली आणि परवानगी त्या गुळगुळ्याची?… म्हणणारच मी गुळगुळ्या! लग्नात माझ्याशी हात मिळवला आणि लगेच रुमालाला पुसला. मी बघितलं नाही असं वाटलं त्याला.

बरं, सोड. तुटली कशी ते सांग… रिव्हर्स घेताना. खांबाला लागलं. हं. मग पत्रा आत दबला असेल, तो आधी ठोकून बाहेर काढावा लागेल… काय? बाहेरच आलाय? नीट बघून सांग… लॉकपाशी रंग खरवडलाय, आणि कडेने पत्रा बाहेर उलटलाय.

ठिणगे, धडक बसली की पत्रा आत जातो. बाहेर येतो तो कोणी पहार घालून उचकटला तर. माझा जन्म गेला यात. चोर आला होता का?… मग कोण?

विचारू नको?… बरं बाई, नाही विचारत. नाही विचारत म्हटलं ना!

हो, सांगते. आधी बॅटरीची वायर काढायची. सीट काढ, खालचा गालिचा काढ, सगळं पेट घेतं. शेजारी पाण्याची बादली ठेव. पेट्रोलची टाकी कुठल्या बाजूला आहे ते विसरू नकोस. अर्थिंगचा चिमटा कडीच्या अगदी जवळ लाव. आणि तोंडावर काच धरल्याशिवाय बघायचं नाही. आठवतंय ना, लहानपणी चोरून बघितलंस आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेली, वाळू गेली म्हणून घर डोक्यावर घेतलंस?… हसलीस! चला, हसलीस एकदाची.

आणि एका दमात ओढत जायचं नाही हं, पत्रा वाकडा होतो. एक टाका मारायचा, थांबायचं. मग दुसऱ्या टोकाला एक. पुन्हा थांबायचं. कडी केवढीशी असते, चार-पाच टाके मारलेस की…

काय? सात पडले?

म्हणजे तू मारून मोकळी झालीस? मग मला कशाला विचारतेस? कोणाचं मशीन आणलंस?…

थांब. थांब थांब. पत्र्याला टाके मारतात गं. पडले म्हणजे काय? टाके पडतात ते… कोणाला पडले?

ठिणगे. टाके कोणाला पडले?

कुठे?… भुवईच्या वर.

अहो पेंटर, तुम्ही जरा बाहेर थांबा… नाही, घण राहू दे इथेच.

हं, बोल. ऐकतेय… तू आणि तुझी चिमणी गाडीत शिरलात, आतून लॉक केलंत. आणि तो पहार घेऊन आला… कुठली पहार?… मी दिलेली? वाटेत चाक बसलं तर असू दे म्हणून दिलेली, ती?… आणि मग? केसांना धरून. दाराच्या चौकटीवर. किती वेळा?… मोजलं नाहीस. कशी मोजशील!

आणि चिमणी?… शेजारीच बसलेली. तिला लागलं?… लागलं नाही, फक्त रक्त उडालं. फक्त! पाच वर्षांच्या पोरीच्या फ्रॉकवर आईचं रक्त, आणि ही म्हणते फक्त!

काही नाही, घण मारला. बॉनेटवर… मुद्दाम मारला. गेलं बॉनेट. जाऊ दे, देईन भरून.

निघाले मी… का नको? मारीन? हो, मारीनच! केस धरले ना त्या हाताने? तो हात शिकंज्यात धरीन आणि दांडा फिरवत राहीन, हाडं वाजेपर्यंत फिरवीन! तो रुमाल घशात कोंबीन त्याच्या! तोंडाचा असा चेंदामेंदा करीन की त्याची आई ओळखणार नाही… मी ओरडत नाहीये!… ओरडतेय, बरं! ओरडतेय! तुझं डोकं फोडलं त्याने आणि मी काय गाणं म्हणू?

…हं.

…हो.

म्हणून सांगितलं नाहीस मला. मी त्याला झोडपून काढीन आणि तुरुंगात जाईन म्हणून… बरोबर आहे. मी आत, तो दवाखान्यात, आणि तो बरा होऊन आला की तुम्ही दोघी पुन्हा त्याच्याच तावडीत. कळलं. कळलं गं. नाही मारत. शपथ.

म्हणजे हे मशीन… दार लागलं की तू निघणार होतीस. चिमणीला घेऊन. माझ्याकडे.

दार उघडं राहिलं तर चिमणी बाहेर पडेल म्हणून थांबलीस? अगं वेडाबाई, तिला पुढे बसव! पुढे पट्टा आहे, बाबांनी स्वतः बसवलाय… सुचलं नाही. कसं सुचेल? एवढ्या घाबरलेल्या माणसाला काय सुचणार? मला तरी कुठे सुचलं, मीही तुझ्याबरोबर तारा आणि प्लग मोजत बसले. तुला दार कशाला हवंय? दाराशिवाय ये!… आत्ता! तो कामावर आहे ना? मग आत्ता.

तू आहेस कुठे?… गाडीतच? शाब्बास. आणि चिमणी?… मागे खेळतेय. उचल तिला, पुढे आण. कपडे राहू देत. चपला राहू देत. पट्टा लाव… लावलास? ओढून बघ.

काय झालं?… फाटक वाजलं? तोच?… इतक्या लवकर कसा आला? चावी लाव. ठिणगे, चावी! आणि दारं लॉक कर, चारही…

हो. तीनच.

फोन मांडीवर टाक, आवाज मोठा कर. ऐकू येतंय?… फिरव चावी. पुन्हा. चोक ओढ. पुन्हा फिरव. बाबांच्या हातचं इंजिन आहे, दगा नाही देणार. पुन्हा… हां! ऐकलं मी! रिव्हर्स टाक.

मागे काय आहे?… फाटक उघडंय. मोटरसायकल आडवी लावलीये. लावू दे. घाल तिच्यावर. लोखंड आहे गं ते, तू लोखंडाला कधीपासून घाबरायला लागलीस?… आणि तो?… पहार उचलली. बघू नकोस त्याच्याकडे! त्याच्या अंगावर घालायची नाही हं, ऐक माझं, अंगावर नाही, मोटरसायकलवर. चिमणे, मावशी बोलतेय, बाळा डोळे मिट. घट्ट मिट. मोठ्ठा आवाज होणार आहे.

काच गेली? कुठली?… मागची. जाऊ दे. दोरी सोडतोय? सोडू दे! पाय दाब! ठिणगे, पाय दाब, पाय…

हॅलो?

हॅलो! कसला आवाज तो?… ठिणगे! बोल काहीतरी! चिमणी रडतेय, ऐकू येतंय मला, तू बोल. तू का बोलत नाहीस? मला भीती वाटतेय गं… ए बाई, बोल ना…

हां! हां, बोल. रस्त्यावर आलीस? पुढचा गिअर टाक, थांबू नकोस, पळव… पळव आणि बोल. चिमणीला लागलं नाही ना?… मोटरसायकल चाकाखाली गेली. उत्तम.

तो कुठेय?… दार धरून लोंबकळत होता. आणि?… फाटकाचा खांब आला. दार बिजागऱ्यांसकट उपटून गेलं, आणि तो दाराबरोबर. आरशात दिसतोय?… उठून बसलाय. हात?… उलटा लोंबतोय कोपरापासून. शिव्या देतोय? मग जिवंत आहे. बघू नकोस आता मागे… तू नाही मोडलास. पुन्हा बोलू नकोस असं. दार त्याने ओढलं, मोडलं खांबाने.

पेंटर! या आत! तुमच्या फोनवरून पोलिसांना लावा, मी पत्ता सांगते… तक्रार तुझ्यावर कशाला, त्याच्यावर! मुख्य रस्त्याला लागलीस की पहिलं पोलीस ठाणं येईल, तिथे थांब. आत जाऊन बस, चिमणीला मांडीवर घे, कपाळ दाखव. काहीही लपवायचं नाही, पडले, घसरले काही सांगायचं नाही. मी तिथेच येते… रिकाम्या हातांनी. घण नाही, पहार नाही, काही नाही. शपथ घेतली ना तुझी.

काय?… मशीन? अगं, आता कसलं मशीन, दारच गेलं!… हो ना. रिव्हर्स घेताना खांबाला लागलं. आता निदान खरं तरी झालं ते… हस. हस गं, रडत रडत हस, पण समोर बघ.

भंगारात जाऊ आपण. दार मिळेल, बाबांच्या गाडीची दारं अजून मिळतात. मशीन माझं आहेच. बिजागऱ्यांना टाके तू मारायचेस, मी नुसतं दार धरून उभी राहीन… किती म्हणजे? लागतील तेवढे मार. मारायचे फक्त. पडायचे नाहीत आता.

चिमणी काय म्हणतेय?… डोळे उघडू का? उघड म्हणावं. वारा येतोय का मागून? येऊ दे म्हणावं, मजा आहे.

ठेव आता. दोन्ही हात स्टिअरिंगवर… ठेव ना… तू ठेव… बरं, मीच ठेवते. ठेवते हं…

पेंटर, लागला का हो फोन? द्या इकडे. आणि हा घण उचला इथून, आत ठेवा… नाही हो, बरी आहे मी. हॅलो, पोलीस?… पत्ता लिहून घ्या.