नदीवरची बाई काय म्हणे

दुलीचंद: तू पेटी पाहून आणली का नाही, बकाराम? सीधा सवाल आहे.

बकाराम: पाहून म्हणजे? टेसनावर मास्तरनं दिली, मी बंडीत टाकली. वरते नाव तुमचंच होतं. दुलीचंद, टाकीजवाले, तिरोडा. आत कोणता सिनेमा आहे, हे मी हुंगून सांगू का?

दुलीचंद: अरे यार, सकाळपासून मशीन खोलून बसलो मी. आवाज येत नाही म्हणून भोंगा उतरवला, तारा बदलल्या, दोन बल्ब जाळले. आणि आता समजलं, आवाज येणार कुठून? फिलिमच मुकी आहे! तीस साल पुरानी!

बकाराम: मुकी म्हणजे... पहिलेची? तुमच्या बाबूजीच्या तंबूत दाखवत तशी?

दुलीचंद: तशीच. नागपूरहून कुणाची पेटी कुणाला भेजली, देव जाणे. आणि मी बाहेर बोर्ड लावून बसलो, नाच-गाण्याचा धमाकेदार खेळ! संध्याकाळी पब्लिक माझे बाक तोडेल.

बकाराम: त आज खेळ बंदच?

दुलीचंद: बिलकुल बंद. पाचच्या गाडीनं पेटी वापस. बैल सोडू नको.

बकाराम: शेठ, गाडीले टाइम आहे अजून. मी काय म्हणतो, दुपारी चालवा ना हे एकडाव.

दुलीचंद: कोणासाठी? तुझ्या बैलांसाठी?

बकाराम: माह्या घरवालीसाठी. रुख्मासाठी.

दुलीचंद: डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एका बाईसाठी मशीन लावू? आणि तिला तर काही ऐकूच येत नाही.

बकाराम: म्हणून तं म्हणून राहिलो! दहा वरसांची होती तवा मोतीझिऱ्याच्या तापानं तिचे कान गेले. बोलते साफ. दुसऱ्याचं बोलणं त्याचं तोंड पाहून समजते. तुमच्या बाबूजीचा तंबू जत्रेत ये, तवा साऱ्या बाया तिच्या बाजूले बसाले भांडत. पडद्यावरच्या पाट्या कोणाले वाचता येत? मंग ही सांगे, हा माणूस खोटारडा आहे, हे पोरगी आता पळून जाईन. अन् तसंच होये.

दुलीचंद: मग आता काय झालं?

बकाराम: मंग बोलता सिनेमा आला. चौतीस साली. मोठ्या हौसेनं नेलं तिले. पडद्यावर दोघं नुसते उभे, अन् लोकं हासून राहिले. ती मले पुसे, काऊन हासले? काऊन हासले जी? मांगून लोकं वरडले, ए बाई, चूप! मले लाज वाटली. दिवे लागले तवा मी तिचं मनगट दाबलं, तोंडासमोर तोंड नेलं अन् म्हणलो, तुले समजत नाही त येतं कायले?

दुलीचंद: असं म्हणालास?

बकाराम: उठून गेली ती. वीस वरसं झाली, शेठ. तुमच्या पेट्या आणतो म्हणून मले फुकट पास. दर सिनेमा पाहून घरी जातो, ती भात वाढते. एकडाव नाई पुसलं, काय पाहून आले म्हणून.

दुलीचंद: आणि हे तू मला आज सांगतोस? मशीनपायी माझं डोकं फुटायला आलं असताना?

बकाराम: मंग कवा सांगू? याच्या पहिले तुमी कवा मुकी पेटी आणली?

दुलीचंद: मी नाही आणली! तू आणली! ...बरं, बाबा, बरं. तसंही रील कुठं तुटली आहे का ते पाहावंच लागेल, नाहीतर नागपूरवाले माझ्यावर ढकलतील. आण तिला. पण मोटरची स्पीड बोलत्या सिनेमाची, तिच्यावर लावली की सगळे पळत सुटतात यातले. हातानं फिरवावी लागेल. माझा खांदा निखळला तर तुझ्या नावानं बोंब मारीन मी.

(दुपारचे दोन. टाकीजची दारं लावलेली. रिकाम्या बाकांमध्ये रुख्मा उभी आहे. हातात विळा तसाच, लुगड्याला धानाचा भुसा.)

रुख्मा: चार बाया कापणीले लावून आली मी. कायले बलावलं असं तातडीनं? बैल पडला का कोणी मेलं?

बकाराम: सिनेमा पाहाले. बस.

रुख्मा: काय म्हणता? माह्याकडे पाहून बोला.

बकाराम: सिनेमा! पाहाले!

रुख्मा: वरडू नका. वरडून मले जास्त नाही समजत. तुमचा सिनेमा तुमी पाहा, मी चालली.

बकाराम: मुका आहे वो! पहिलेचा! कोणालेच आयकू येणार नाही. मलेबी नाई अन् शेठलेबी नाई.

रुख्मा: खोटं.

बकाराम: पुस शेठले. अन्... तवा मी जे बोललो, ते...

रुख्मा: आता तोंड काऊन फिरवलं? जे म्हणाचं ते तोंड इकडे करून म्हणा.

बकाराम: माह्यं चुकलं.

रुख्मा: दिसलं. सरका तिकडे, मले मधात बसू द्या.

दुलीचंद: झालं का तुमचं? इकडे मशीनच्या दिव्याचा कार्बन जळतोय माझा! दिवे घालवतो.

रुख्मा: बापा! किती जुने कपडे आहेत या लोकायचे. माही आजी घाले अशी चोळी.

दुलीचंद: बकाराम, हा मिशीवाला कोण रे? पाट्या तर सगळ्या गुजरातीत. विचार ना तिला.

बकाराम: अंधारात पुसू कसा? माह्यं तोंड दिसत नाही तिले.

रुख्मा: (पडद्यावरून नजर न काढता, आपणहून) हा नवरा नोहे, भाऊ होय. पाहा, तिच्या डोळ्यात लाज नाही, धाक आहे.

दुलीचंद: भाऊ? मग असा चोरासारखा कशाला आला?

रुख्मा: वावराच्या कागदावर तिचा अंगठा पाहिजे त्याले. आता गोड बोलन, लेकराले मांडीवर घेईन.

दुलीचंद: अरे! घेतलं की! आणि कागद पण काढला!

बकाराम: मी काय म्हणलो होतो शेठ तुमाले? साऱ्या बाया हिच्या बाजूले...

दुलीचंद: तू चूप, यार. तिला बोलू दे.

रुख्मा: अंगठा नको देऊ वो माय, नको देऊ. ...देल्ला. आता नवरा घराभायेर काढन तिले, पाहा तुमी.

दुलीचंद: काढलं. नदीवर सोडून चालला हरामी. आणि इथंच संपवली यांनी! हं, लावतो दिवे. रील साबूत आहे, हात मात्र गेला माझा. बाई, इकडे बघा, माझ्याकडे. ती शेवटी नदीवर एवढं काय बोलली? इतकं लंबं भाषण, आणि पाटी आली दोन शब्दांची.

रुख्मा: मी नाही सांगत जी. तुमचा खेळ बिघडन.

दुलीचंद: माझा खेळ सुबह से बिघडलेलाच आहे. बोला.

रुख्मा: ती नवऱ्याले नव्हती बोलत. तिचा सिनेमा काढणाऱ्या मशीनवाल्याले बोलत होती. आपल्याच बोलीत. म्हणे, रेती तापली आहे, माहे पाय भाजून राहिले, लवकर उरका.

दुलीचंद: काय सांगता!

रुख्मा: दोनडाव म्हणलं. कोणी हाललं नाही. मंग रडली.

बकाराम: अन् आपल्याले वाटलं, नवरा गेला म्हणून रडली.

रुख्मा: ते रडणं कहानीतलं नोहे.

दुलीचंद: तीस साल ही फिलिम गावोगाव हिंडतेय. हजारो लोकांनी पाहिली असेल. कुणालाच पत्ता नाही... चल, बकाराम, पेटी बांध. चार वाजले, गाडी सुटेल.

रुख्मा: थांबा जी. अखेरीस तिनं आणखी काईतरी म्हणलं, पण पदर मधात आला, अर्धंच दिसलं. तेवढा नदीवरचा भाग आणखी एकडाव लावा.

दुलीचंद: बाई, माझा हात उचलत नाही आता!

बकाराम: सरका शेठ. मी फिरवतो.