गुडघ्याच्या फिल्ममधला माणूस

हाडांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर अकरावा होता. शेजारी काठीवाले वडील आणि त्यांची मुलगी बसली होती. समोरच्या टीव्हीवर गुडघ्याच्या ऑपरेशनची ॲनिमेशन फिल्म पुन्हा पुन्हा लागत होती.

"आज नुसतं विचारून यायचं. ऑपरेशनला हो म्हणायचं नाही."

"बरं, बाबा."

"तू ॲनिमेशन शिकलीस, तेव्हा मुलगी कार्टून काढणार म्हणून मी गावभर सांगत सुटलो होतो."

"वर्गात बावीस जण होतो. कार्टून काढतात तिघंच."

"मग बाकीचे करतात काय?"

"बरेचसे गेम बनवतात. एक जण अपघात कसा झाला ते कोर्टाला हलत्या चित्रांत दाखवतो. एकीने सगळं सोडून केकचं दुकान टाकलं."

"आणि तू दिवसभर कॉम्प्युटरला डोळे लावून काय करतेस?"

"समोर बघा."

"हा गुडघा तुझा?"

"अख्खा माणूसच माझा."

"थांब, परत लागू दे. जिना उतरताना आधी डावा पाय, मग कठडा, मग उजवा... अगं, हा तर मीच!"

"तुम्ही जिना उतरताना वरून बघून बघून काढलं. रागावलात?"

"शर्ट तरी बरा घालायचास! पण शेवटी हा ताडताड चालतो, ते कुणाला बघून काढलंस?"

"ते बघून नाही काढलं. मला शाळेत सोडायला यायचात ना, ते आठवून काढलं."

"नंबर सात!"

"चला, बाबा. नुसतं विचारूनच यायचं ना?"

"हो. तारीख."