लंगडी हरिणी

— ही लंगडी हरिणी कुठून आली, तद्देओ? कालच्या तालमीत हे शब्द नव्हते.

— आज सकाळी सुचले, ओर्तेन्सियाबाई. शिकारीच्या मेजवानीचं गाणं, त्यात हरिणी हवीच.

— हरिणी असू दे. लंगडी कशाला? माझा पाय अधू आहे हे अख्ख्या फेर्रारात फक्त माझ्या दाईला ठाऊक आहे, आणि तुला. घोड्यावरून पडले तेव्हा तूच उचलून आणलंस.

— आणि मग तुम्हाला सहा प्रेमपत्रं लिहिली. ती तुम्ही सख्यांना वाचून दाखवलीत. मी शेजारच्या खोलीत वाद्याला तारा चढवत होतो. नकार पचवला असता, बाई. ते खिदळणं पचलं नाही.

— चुकलंच माझं. पण म्हणून माझ्या नवरदेवाला हे भर पंगतीत, माझ्याच तोंडून कळावं?

— तुमच्याच तोंडून. पुढे तुम्ही, हरिणी, गात पळणार, सहा मात्रांनी मागून मी, शिकारी. तेच सूर, तेच शब्द, म्हणजे ज्याला पहिल्यांदा ऐकू आलं नाही त्यालाही कळेल. या गाण्याची रीतच आहे ती. तुमचे ड्यूककाका बोटांवर मोजत बसतात. मागच्याने एक शब्द बदलला म्हणून नाताळात गवई वेत्तोरची नोकरी गेली.

— आणि पुढच्याने बदलला तर?

— पुढच्याला कोण विचारतो? तो गाईल ते मागच्याने गायचं. का हो?

— तुझं तिसरं पत्र वाचून वाचून पाठ झालंय मला. "तुझ्या उंबऱ्याशी कुत्र्यासारखा पडून राहीन, उष्टं टाकलंस तरी शेपूट हलवीन." तुझ्या चालीत छान बसतं.

— तुम्ही असं करणार नाही.

— का? तू करणारच होतास की.

(अंगणात शिकाऱ्यांची शिंगं वाजतात.)

— आले सगळे. बाई, तो गाण्याचा कागद द्या इकडे. मी हरिणी खोडतो.

— राहू दे. नवरदेव घोड्यावरून उतरतोय, त्याला मीच सांगते. लंगडणं न लपवता जाते त्याच्यापर्यंत. मोडलं लग्न तर मोडलं.

— मग झालं तर. आता त्या पत्राची काय गरज?

— गरज कुठली. मला गायचंय.

— ओर्तेन्सिया, मी खरंच जीव टाकत होतो तुमच्यावर.

— माहीत आहे. सहा मात्रा नीट मोज.